मोटरसायकलची चेन: तेल सांध्यात पोचलं पाहिजे

"दादा, चेन सेट गेलाय." गाडी सर्व्हिसिंगला लावली की कधी ना कधी हे वाक्य ऐकावं लागतंच. पुढचं स्प्रॉकेट, मागचं स्प्रॉकेट आणि चेन असे तिन्ही भाग एकदम बदलायचे, म्हणजे खिशाला चांगलीच चाट. गाडीवाला चक्रावतो. चेनला तर आपण दर महिन्याला तेल घालतो! आणि ते खरंही असतं. चेन काळीकुळकुळीत, तेलाने चपचपीत असते, तरीही संपलेली असते.

याचं कारण चेनच्या रचनेत आहे. चेन जिथे झिजते ती जागा बाहेरून दिसत नाही. तेल मात्र आपण दिसणाऱ्या भागावर घालतो. हा घोळ एकदा लक्षात आला, की चेनची निगा राखणं अगदी सोपं होतं. त्याला महागडी हत्यारं लागत नाहीत. पंधरा-वीस मिनिटं, एक जुना ब्रश, दोन फडकी आणि योग्य तेल एवढ्यावर काम भागतं.

चेन ताणली जाते म्हणजे नेमकं काय होतं

आज बहुतेक मोटरसायकलींना जी चेन असते, तिची मूळ रचना हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरमध्ये केली. इतक्या वर्षांत पोलाद सुधारलं, कारखाने सुधारले, पण मांडणी तीच राहिली. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते. पिनभोवती बुश म्हणजे छोटी नळी, आणि बुशभोवती फिरणारा रोलर. दोन्ही बाजूंना पट्ट्या असतात. रोलर स्प्रॉकेटच्या दातांवर बसतो, आणि चेन वाकते तेव्हा पिन बुशच्या आत थोडीशी फिरते.

ही थोडीशी हालचाल किती वेळा होते, त्याचा हिशोब करून पाहू. समजा पुढच्या स्प्रॉकेटला १४ दात आहेत, मागच्याला ४२, आणि चेन १०८ कड्यांची आहे. मागचं चाक अठरा इंची आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना ही चेन सेकंदाला जवळपास तीन पूर्ण फेऱ्या मारते. प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा चार वेळा हलतो: दोन्ही स्प्रॉकेटवर चढताना वाकतो आणि उतरताना सरळ होतो. म्हणजे सेकंदाला अकराएक वेळा, आणि तासाभराच्या प्रवासात सुमारे चाळीस हजार वेळा पिन बुशमध्ये घासली जाते. तीही इंजिनाची सगळी ओढ अंगावर घेऊन.

या दोघांमध्ये तेलाचा पातळ थर असेल तर झीज फार सावकाश होते. थर नसेल तर पोलादावर पोलाद घासतं. धूळ आत गेली असेल तर पॉलिश पेपरने घासल्यासारखं होतं. प्रत्येक सांध्यात नुसती पाव मिलिमीटर झीज झाली, तरी १०८ कड्यांच्या चेनची लांबी २७ मिलिमीटरने वाढते. आपण "चेन ताणली" म्हणतो ती हीच. पट्ट्यांचं लोखंड ताणलं जात नाही, सांधे आतून पोकळ होत जातात. म्हणूनच एकदा वाढलेली चेन कुठल्याही तेलाने पूर्ववत होत नाही. तेलाने फक्त पुढची झीज थोपवता येते.

आधी आपली चेन ओळखा

चेन दोन प्रकारच्या असतात. निगा राखण्याची पद्धत त्यावर ठरते, त्यामुळे ही ओळख पहिली.

पहिली साधी चेन. १०० आणि १२५ सीसीच्या बऱ्याच रोजच्या गाड्यांना हीच असते. तिच्या सांध्यात बाहेरून तेल जाऊ शकतं, पण त्याच वाटेने पाणी आणि धूळही जाते.

दुसरी रिंगची चेन, म्हणजे ओ-रिंग किंवा एक्स-रिंग. जास्त ताकदीच्या गाड्यांना बहुतेक ही असते. तिच्या प्रत्येक सांध्यात कारखान्यातच ग्रीस भरलेलं असतं, आणि ते बाहेर येऊ नये म्हणून आतल्या व बाहेरच्या पट्टीच्या मध्ये रबराची बारीक रिंग बसवलेली असते. चेनकडे बाजूने, उजेडात, जवळून पाहा. दोन पट्ट्यांच्या फटीत रबराची बारीक कड दिसली, तर चेन रिंगची आहे. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतही हे दिलेलं असतं.

साध्या चेनला तेल पिनपर्यंत पोचवायचं असतं. रिंगच्या चेनमध्ये पिनची सोय आधीच झालेली असते. तिथे बाहेरच्या तेलाचं काम वेगळं: रबर मऊ ठेवणं, गंज रोखणं आणि रोलरला वंगण देणं. कारण रोलर रिंगच्या बाहेर असतो, आतलं ग्रीस त्याच्यापर्यंत येत नाही. "ओ-रिंग आहे, तेल लागत नाही" असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. आणि एकदा रिंग तुटली की आतलं ग्रीस निघून जातं, ते आपल्याला परत भरता येत नाही.

कुठलं तेल घालावं आणि कुठलं टाळावं

रोजच्या गाडीच्या साध्या चेनला नव्वद नंबरचं गिअर ऑइल उत्तम. बाटलीवर एसएई ९० किंवा ८०-९० असं लिहिलेलं असतं. कित्येक गाड्यांच्या पुस्तिकांमध्ये चेनसाठी हेच सांगितलेलं आहे. ते स्वस्त असतं, कुठल्याही ऑइलच्या दुकानात मिळतं आणि सांध्यात मुरतं. त्याची एकच अडचण: जास्त घातलं तर मागच्या चाकावर आणि कपड्यांवर उडतं.

दुसरा पर्याय चेन स्प्रेचा. स्प्रेमधलं वंगण आधी पातळ असतं, त्यामुळे आत शिरतं. मग त्यातला उडून जाणारा भाग निघून जातो आणि चिकट थर उरतो. तो उडत नाही आणि पावसातही बऱ्यापैकी टिकतो. रिंगच्या चेनला स्प्रे घ्यायचा असेल, तर डब्यावर ओ-रिंगसाठी चालत असल्याचा उल्लेख आहे ना, तेवढं पाहून घ्या.

आता टाळायच्या गोष्टी.

इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल चेनला घालायची पद्धत गावोगाव आहे. फुकट मिळतं, काळं दिसतं, म्हणून भरपूर वाटतं. पण त्या काळेपणात काजळी असते आणि इंजिनाच्या झिजेचे धातूचे कण असतात. जे सांध्यात जाऊ नये म्हणून आपण धडपडतो, तेच आपण हाताने आत सोडतो.

ग्रीसही नको. घट्ट ग्रीस बाहेरून थापलं तर पिनपर्यंत जात नाही, वरच बसून राहतं आणि रस्त्यावरची सगळी धूळ गोळा करतं. खोबरेल किंवा गोडेतेल काही दिवसांत चिकट होऊन साकळतं. डब्ल्यूडी-४० सारखा पातळ स्प्रे पाणी हटवायला आणि गंज सोडवायला चांगला, पण चेनचं वंगण म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नका. तो थर टिकत नाही.

साफसफाई: तेलाच्या आधीचं काम

मळलेल्या चेनवर ताजं तेल घातलं, तर ते वरची माती विरघळवून सांध्यात घेऊन जातं. त्यामुळे आधी साफसफाई, मग तेल. हा क्रम बदलायचा नाही.

त्याही आधी एक इशारा, आणि तो अगदी कळकळीने. चेन साफ करताना किंवा तेल घालताना इंजिन बंदच हवं. गाडी डबल स्टँडवर लावून, पहिल्या गिअरमध्ये टाकून चाक आपोआप फिरत ठेवायचं आणि वरून फडकं धरायचं, ही सवय अत्यंत धोक्याची आहे. फडकं चेनबरोबर स्प्रॉकेटमध्ये ओढलं जातं आणि त्यापाठोपाठ बोटं. हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. अशा अपघातात बोटं तुटतात. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि चाक फक्त हाताने फिरवायचं. लहान मुलं हौसेने चाक फिरवायला येतात, त्यांना त्या वेळी लांब ठेवा.

साफ करायला रॉकेल किंवा चेन क्लीनर घ्या. साध्या चेनला डिझेलही चालतं. पेट्रोल आणि थिनर कुठल्याच चेनला नको: आग लागायचा धोका तर आहेच, शिवाय रिंगचं रबर फुगतं किंवा तडकतं. रिंगच्या चेनला तारेचा ब्रश कधीही लावू नका. रबर कापलं जातं. नायलॉनचा किंवा जुना दात घासायचा ब्रश पुरे. चेन रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवायची रीत साध्या चेनपुरतीच. रिंगच्या चेनला ब्रशने पुसण्याइतकंच रॉकेल लावा आणि लगेच कोरडं करा.

ब्रश चारही बाजूंनी फिरवावा: वरून, खालून, आतून, बाहेरून. मग कोरड्या फडक्याने चेन मुठीत धरून मागे ओढत पुसावी. फडक्यावर काळी पेस्ट यायची थांबली की समजावं चेन साफ झाली. थोडा वेळ वारा लागू द्या, कारण ओल्या रॉकेलवर घातलेलं तेल पातळ होऊन वाहून जातं.

चेन स्वच्छ झाली की तिचं नीट निरीक्षण करायची हीच वेळ. चाक सावकाश फिरवत प्रत्येक कडी स्प्रॉकेटवरून उतरताना पाहा. एखादी कडी सरळ न होता किंचित वाकलेलीच राहते का? ती जाम झाली आहे. तिच्या पट्ट्यांच्या फटीत पाहा. विटकरी रंगाची बारीक पूड दिसली, तर ती पिन आणि बुशच्या घासण्यातून निघालेली, गंजलेली लोखंडाची पूड आहे. चेन बाहेरून कितीही चकचकीत असली, तरी त्या सांध्यात तेल पोचत नसल्याचा हा पुरावा. अशा एक-दोन कड्या तेल घालून, हाताने हलवून मोकळ्या होतात. पूड जागोजाग दिसायला लागली तर चेनचे दिवस भरत आले आहेत.

ज्या गाड्यांना पूर्ण बंद चेन कव्हर असतं, त्यांच्या कव्हरच्या तळाशी तेल आणि मातीचा राडा साचतो. चेन दर फेरीला त्यातून जाते. सर्व्हिसिंगच्या वेळी कव्हरचा खालचा भाग उघडून तो राडा काढायला सांगा. पुढच्या स्प्रॉकेटचं झाकणही उघडायला लावा. तिथे साचलेली घाण वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही. मात्र दिसायला चांगलं वाटतं म्हणून चेन कव्हर काढून टाकू नका. ते धूळ अडवतं, आणि मागे बसलेल्या व्यक्तीची साडी किंवा ओढणी चेनमध्ये जाण्यापासून वाचवतं.

तेल घालायची रीत

तेल घालायला सगळ्यात चांगली वेळ म्हणजे फेरफटका मारून आल्यानंतरची. चेन कोमट असते, तेल पातळ होऊन आत शिरतं. निघायच्या ऐन वेळी घातलेलं तेल मुरण्याआधीच चाकावर उडून जातं. म्हणून संध्याकाळी घरी आल्यावर तेल घालावं आणि गाडी रात्रभर उभी ठेवावी.

तेल नेमकं कुठे सोडायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. चेनचा खालचा पदर धरा. त्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे चेनच्या आतल्या अंगाला तेल सोडा. गाडी धावायला लागली की चेन स्प्रॉकेटभोवती गरगरते आणि तेल आतून बाहेर फेकलं जातं. म्हणजे जाता जाता ते सांध्यातूनच जातं. बाहेरून घातलेलं तेल मात्र थेट हवेत उडतं.

तेलाची धार तीन ओळींत द्यायची. एक ओळ उजव्या बाजूच्या आतल्या आणि बाहेरच्या पट्टीच्या फटीवर, दुसरी डाव्या बाजूच्या तशाच फटीवर, तिसरी मधल्या रोलरवर. फटीवर सोडलेलं तेल पिनकडे जातं. बहुतेक जण फक्त मधोमध धार सोडतात. रोलर न्हाऊन निघतात आणि पिन कोरड्याच राहतात. बाटलीला बारीक तोंडाचं झाकण असलं, किंवा सुई काढलेली सिरिंज घेतली, तर हे काम नेमकं होतं आणि तेलही कमी लागतं. सुरुवात चेनच्या लॉकपासून करा, म्हणजे फेरी कुठे पूर्ण झाली ते कळतं.

तेल घालून झालं की चाक हाताने आठ-दहा वेळा फिरवा. पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग कोरड्या फडक्याने बाहेरच्या पट्ट्यांवरचं जास्तीचं तेल पुसून काढा. तेल वाया जाईल म्हणून इथे हात आखडू नका. आत मुरायचं ते मुरलेलं असतं. बाहेर उरलेलं फक्त धूळ ओढतं. पट्ट्यांवर हात फिरवल्यावर बोटाला ओशटपणा लागावा, थेंब येऊ नये. शेवटी मागचा टायर, आणि मागे डिस्क ब्रेक असेल तर डिस्क, यांवर तेल उडालेलं नाही ना, ते पाहा. उडालं असेल तर लगेच स्वच्छ पुसा, नाहीतर वळणावर चाक घसरतं आणि ब्रेक लागत नाही.

किती दिवसांनी

सर्वसाधारण नियम ५०० किलोमीटरचा. रोज तीस किलोमीटर जाणं-येणं असेल, तर पंधरा-सतरा दिवसांनी एकदा तेल. दर दुसऱ्या वेळी पूर्ण साफसफाई. पण महाराष्ट्रात रस्ता आणि ऋतू पाहून हा आकडा बदलावा लागतो.

पावसाळ्यात चेनचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. भर पावसात तास-दोन तास गाडी चालवली, तर साध्या चेनमधलं तेल बरंचसं धुऊन जातं. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर आठवड्याला एकदा तेल घालावं. भिजून आल्यावर निदान चेन पुसून वरवर तेलाचा हात द्यावा. सकाळी चेनवर गंजाची लाल झाक दिसली, तर रात्री ती कोरडी होती असं समजा. किनाऱ्यालगतच्या गावांत खाऱ्या हवेमुळे हीच काळजी बारा महिने घ्यावी लागते.

मराठवाड्यात, विदर्भात आणि देशावर उन्हाळ्यातली धूळ हा मोठा प्रश्न. तिथे तेल कमी आणि पुसणं जास्त, हे सूत्र ठेवा. चपचपीत चेन घेऊन कच्च्या रस्त्याने गेलात की गावी पोचेपर्यंत तिच्यावर मातीचा लेप चढतो. पावसात शेतरस्त्यावरची काळी चिकण माती चेन कव्हरमध्ये दाबून बसते. ती वाळण्याआधी पाण्याने सैल करून काढा.

वॉशिंग सेंटरवर जोराच्या पाण्याची धार जवळून थेट चेनवर मारू देऊ नका. पाणी रिंगच्या आत घुसतं, आणि साध्या चेनमधलं होतं नव्हतं तेवढं तेल धुऊन जातं. गाडी धुऊन आणली की एखादा किलोमीटर चालवून चेन पुसा आणि त्याच दिवशी तेल घाला.

दुधाचे कॅन वाहणारे, दिवसभर डिलिव्हरीसाठी फिरणारे, किंवा रोज घाट चढणारे, यांच्या चेनवर ओढ जास्त असते. त्यांनी ३०० किलोमीटरचा नेम ठेवावा.

चेन किती लूज हवी

चेन कधीही तारेसारखी ताठ नसावी. मागचं चाक खड्ड्यावरून वर-खाली होतं, तेव्हा पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतात त्या क्षणी हे अंतर सर्वांत जास्त असतं. तेवढी सैल जागा चेनमध्ये आधीच ठेवावी लागते. फार टाईट चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग आणि चाकाचं बेअरिंग खाते, स्वतःही लवकर झिजते. फार लूज चेन कव्हरवर आपटते, झटके देते आणि एखाद्या वेळी स्प्रॉकेटवरून उतरते.

रोजच्या बऱ्याच गाड्यांना खालच्या पदराच्या मध्यावर वर-खाली मिळून २० ते ३० मिलिमीटर हालचाल हवी असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. तोच प्रमाण माना. गाडी कुठल्या स्टँडवर ठेवून मोजायचं तेही तिथे सांगितलेलं असतं. बंद कव्हर असेल तर त्याला खाली रबरी बूच असलेलं भोक असतं. ते काढून आत बोट किंवा स्क्रूड्रायव्हर घालून पाहता येतं.

एकाच जागी मोजून थांबू नका. चाक पाव-पाव फेरी फिरवत चार ठिकाणी मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एका जागी लूज आणि दुसऱ्या जागी टाईट लागली, तर जिथे सर्वांत टाईट आहे तिथेच माप बसवा. दोन्हींतला फरक फारच मोठा असेल, तर चेन बदलायची वेळ जवळ आली आहे.

टाईट करताना अ‍ॅक्सलचा नट सैल करायचा. ज्या गाड्यांना स्लीव्ह नट आहे तिथे तोही. मग दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच, पाव-पाव फेरी फिरवायचे. स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्हीकडे एकाच रेघेवर आल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं. तिरक्या चाकाची निशाणी मागच्या स्प्रॉकेटच्या दातांवर दिसते: एकाच बाजूने घासून ते चमकायला लागतात. शेवटी अ‍ॅक्सल नट नेमून दिलेल्या जोराने आवळा, आणि स्प्लिट पिन असेल तर ती नवी घाला.

ड्रम ब्रेक असेल तर एक गोष्ट हमखास विसरली जाते. चेन टाईट करताना चाक मागे सरकतं, त्यामुळे ब्रेकचा रॉड ओढला जातो आणि ब्रेक चिकटून राहू शकतो. पॅडलचा प्ले पुन्हा बसवा, चाक मोकळं फिरतं ना ते पाहा, आणि ब्रेक लाइट वेळेवर लागतो का तेही तपासा.

चेन संपली हे कसं ओळखावं

इथे अंदाज नको, पट्टी घ्या. चेनवर ४२८, ५२०, ५२५ असा नंबर कोरलेला असतो. पहिला आकडा दोन पिनांमधलं अंतर सांगतो, इंचाच्या आठव्या भागांत. चारने सुरू होणाऱ्या चेनमध्ये ते १२.७ मिलिमीटर असतं, पाचने सुरू होणाऱ्या चेनमध्ये १५.८७५.

चेनचा एक पदर ताठ ओढून धरा. एका पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत मोजा. म्हणजे वीस अंतरं झाली. ४२८ नंबरची नवी चेन इथे २५४ मिलिमीटर भरते. ती २५९ झाली की बदला. ५२०, ५२५ किंवा ५३० नंबरची नवी चेन ३१७.५ मिलिमीटर भरते. ती ३२०-३२१ च्या घरात गेली की तिचं काम संपलं. पुस्तिकेत वेगळी मर्यादा दिली असेल तर ती पाळा. चेनच्या तीन-चार भागांत मोजून सगळ्यांत मोठा आकडा धरा.

पट्टी हाताशी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बाजूला चेन चिमटीत धरून मागे ओढा. चांगली चेन दातांवर घट्ट बसून राहते. अर्धा दात उघडा दिसण्याइतकी ती सुटून आली तर सेट संपला. दातही पाहा: नवीन दात दोन्ही बाजूंनी सारखे असतात, झिजलेले एका बाजूला कलतात आणि टोकाला सुरीसारखे पातळ होतात. पुढचं स्प्रॉकेट आधी झिजतं, कारण मागचं एकदा फिरतं तेव्हा ते तीनदा फिरतं.

गाडी झटके देते म्हणून लगेच चेनला दोष देऊ नका. मागच्या हबमधले रबर बसले असतील तरीही तसेच झटके येतात. चेन टाईट करूनही ते थांबले नाहीत, तर रबर तपासायला सांगा.

बदलताना

चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली, तर ती काही महिन्यांतच जुन्यासारखी होते. अ‍ॅडजस्टर शेवटच्या खुणेला टेकला म्हणून काही जण एक-दोन कड्या काढून चेन आखूड करतात. लांबी कमी झाली, तरी उरलेल्या प्रत्येक सांध्यातली झीज तशीच राहते आणि कडी दाताच्या बुडाशी न बसता वर चढते. असा जुगाड करून द्यायला कुणी तयार असेल, तरी नको म्हणा. जोर लावल्यावर अशी चेन दात चुकवते, कधी तुटते. तुटलेली चेन इंजिनाचं आवरण फोडू शकते किंवा मागचं चाक जाम करू शकते, आणि तेव्हा मागे घरचं माणूस बसलेलं असतं.

चेनला क्लिपचं लॉक असेल, तर क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला असावी, उघडी बाजू मागे. उलटी बसवलेली क्लिप दगड किंवा कव्हर लागून निसटू शकते. चेन बसवून झाली की गॅरेजमधून निघण्याआधी एवढं स्वतः पाहून घ्या. एक मिनिटाचं काम आहे. नव्या चेनचे सांधे सुरुवातीला बसतात, म्हणून पहिल्या ५०० किलोमीटरनंतर एकदा ढिलेपणा तपासायला हवा.

रोजच्या गाडीचा नीट राखलेला चेन सेट वीस हजार किलोमीटरच्या पुढे सहज जातो. तोच कोरडा किंवा मातीत राखला, तर त्याच्या निम्म्यातही संपतो. चेनची निगा नीट राखली जाते का ते कळावं म्हणून टूल बॉक्सच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवा. त्यावर तीन नोंदी ठेवा: तेल घातलं तेव्हाचा किलोमीटरचा आकडा, चेन टाईट केली तेव्हाचा आकडा, आणि वीस अंतरांचं माप. चेन टाईट करायच्या दोन वेळांमधलं अंतर घटत चाललं, तर झीज वेगाने होते आहे. तेल घालायची पद्धत किंवा चाकाची रेघ तपासायला घ्या. माप मर्यादेजवळ आलं असेल, तर पावसाळ्याच्या किंवा लांबच्या प्रवासाच्या आधीच सेट बदलून टाका.